सूर्य नसताना ढग कोण उचलतो?

बोईसरला लागून असलेल्या सरावलीत शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत आम्ही पावसाच्या पाठाविषयी बोलत होतो. फळ्यावर नेहमीची आकृती होती. वर सूर्य, खाली तापलेली जमीन, जमिनीवरून वर जाणारे बाण आणि बाणांच्या टोकाशी ढग. चर्चा चालू असताना एका बाईंनी आपल्या वर्गातली गोष्ट सांगितली. सहावीतल्या एका मुलीने त्यांना विचारले होते, "बाई, आमच्याकडे जोराचा पाऊस पुष्कळदा रात्रीच येतो. आई उठून दाराशी पोतं टाकते. पण रात्री सूर्य नसतो. मग हवा वर कोण नेतं?"

बाईंनी "उद्या सांगते" असे म्हणून वेळ मारून नेली होती, आणि तो उद्या अजून उजाडला नव्हता. बैठकीत आम्हालाही चटकन नीट उत्तर देता आले नाही. मुलीची शंका मात्र अगदी बिनतोड आहे. फळ्यावरची आकृती खरी मानली, तर सूर्य मावळल्यावर ढग विरायला हवेत. प्रत्यक्षात पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर मध्यरात्रीनंतर गडगडाट सुरू होऊन पहाटेपर्यंत धो धो कोसळणे ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा आकृती चुकीची नसली तरी अपुरी आहे. तिच्यात काय भरायला हवे, ते या लेखात पाहू.

ढगाला तीन गोष्टी लागतात

गडगडाटी ढग तयार व्हायला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे हवेतील बाष्प. दुसरी म्हणजे वर गेलेली हवा आणखी वर जात राहील अशी वातावरणाची स्थिती, म्हणजे खाली उबदार व दमट हवा आणि उंचावर पुरेशी थंड हवा. तिसरी म्हणजे हवेला सुरुवातीचा धक्का देऊन वर नेणारे काहीतरी. पाठ्यपुस्तकातील आकृतीत हे तिसरे काम सूर्य करतो. पण हे काम फक्त सूर्यच करू शकतो असे नाही. हवा कोणत्याही कारणाने वर गेली की ती पसरते, पसरली की थंड होते आणि पुरेशी थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. तिला कोणी उचलले याच्याशी थेंबांना काही देणेघेणे नसते.

मग किती उचलावी लागते? याचा हिशेब सोपा आहे. हवेचे तापमान आणि तिचा दवबिंदू यांच्यातील फरकाला १२५ ने गुणले की ढगाचा तळ साधारण किती मीटरवर असेल ते कळते. समजा, एप्रिलच्या दुपारी घाटमाथ्यापलीकडे एखाद्या गावी तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि दवबिंदू १० अंश आहे. फरक २८, म्हणजे हवा सुमारे ३,५०० मीटर वर गेल्याशिवाय ढग धरणार नाही. आता जुलैतील सरावलीची रात्र घ्या. तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल, तर फरक फक्त ३. म्हणजे ३७५ मीटर उचल पुरे. आपल्या परिसरातील टेकड्यांची उंची डोळ्यांसमोर आणली, तर ही उचल किती थोडी आहे हे मुलांच्याही लक्षात येईल.

एकदा थेंब बनू लागले की बाष्पातील सुप्त उष्णता बाहेर पडते. ती हवेला उबदार ठेवते आणि वातावरण अनुकूल असेल तर पुढची चढण हवा स्वतःच्याच बळावर चढते. म्हणून सारा प्रश्न पहिल्या काहीशे मीटरचा आहे. रात्री तेवढी उचल कोण देते?

खारे आणि मतलई वारे

याचे उत्तर शोधण्यासाठी भूगोलातील एक जुना धडा आठवू. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर निवते. समुद्राचे पाणी मात्र रात्रभरात एक अंशानेही निवत नाही. त्यामुळे जमिनीवरील गार, जड हवा समुद्राकडे सरकते. हे मतलई वारे. सातपाटी, चिंचणी, डहाणू या बंदरांतील कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर काढल्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत आणल्या.

सरावलीत बसून हे वारे पाहण्याची एक सोय आहे. जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र दिवशी तिथल्या धुराड्यांकडे सकाळी आणि दुपारी पाहा. पहाटे धूर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, बारीक पट्ट्यासारखा आडवा पसरलेला दिसतो. दुपारी तो पूर्वेकडे वळलेला आणि वर-खाली घुसळलेला दिसतो. वाऱ्याची दिशा आणि हवेची घुसळण दोन्ही धुरावरून वाचता येतात.

मतलई वारा खाऱ्या वाऱ्यापेक्षा दुबळा असतो. त्याचा वेग बहुधा सेकंदाला एक ते तीन मीटर आणि जाडी शे-दोनशे, फार तर तीनशे मीटर. एवढासा वारा ढग कसा उभा करणार, असे वाटेल. पण तो एकटा नसतो. तो ज्याच्याशी जाऊन भिडतो, त्या वाऱ्यामुळे त्याला महत्त्व येते.

वारे भिडतात तेव्हा

समजा, अरुंद बोळातून माणसे एका दिशेने चालली आहेत आणि पुढची माणसे थोडी सावकाश चालू लागली. मागून येणाऱ्यांची दाटी होणार. माणसे वर उडू शकत नाहीत, म्हणून चेंगरतात. हवेला मात्र वर जाण्याची वाट मोकळी आहे. खाली जमीन किंवा समुद्र आहे, तेव्हा दाटलेली हवा वरच जाणार.

किती वेगाने जाणार, हे वर्गात काढता येते. एक हवेची लांबट पेटी कल्पा. समुद्राकडून जमिनीकडे २० किलोमीटर लांब, एक किलोमीटर उंच आणि फक्त एक मीटर रुंद. पश्चिमेच्या तोंडातून वारा सेकंदाला १० मीटर वेगाने आत येतो. म्हणजे दर सेकंदाला १०,००० घनमीटर हवा आत आली. जमिनीवरील झाडे, घरे, टेकड्या यांच्या अडथळ्यामुळे पूर्वेच्या तोंडातून ती सेकंदाला ८ मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे ८,००० घनमीटर. उरलेल्या २,००० घनमीटरांनी छतातून वर जायचे आहे. छताचे क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर. म्हणून वर जाण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर.

सेकंदाला १० सेंटिमीटर म्हणजे मुंगीची चाल झाली, असे मुले म्हणतील. त्यांना तासाचा हिशेब करू द्या. तासाला ३६० मीटर होतात. मघाशी ढग धरायला ३७५ मीटर लागत होते! वाऱ्याच्या वेगात सेकंदाला फक्त दोन मीटरचा फरक पडला, तर तास-सव्वा तासात काम होते. (पेटीच्या छताजवळची हवा या वेगाने चढते, तळाजवळची हवा सावकाश.) आणि वारे समोरासमोर भिडले तर उचल याहून जोरदार होते. समुद्राकडून सेकंदाला तीन मीटरने येणारा हलका वारा आणि जमिनीकडून दोन मीटरने जाणारा मतलई वारा पाच किलोमीटरच्या पट्ट्यात भेटले आणि थराची जाडी ३०० मीटर धरली, तर वर जाण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर येतो. हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा.

भिडताना आणखी एक गोष्ट घडते. जमिनीवरील हवा गार आणि म्हणून जड असते. ती समुद्रावरील उबदार, दमट हवेच्या खाली पाचरीसारखी शिरते. दमट हवा त्या पाचरीवरून घसरगुंडीवर उलटे चढावे तशी वर चढते. सूर्य नसतानाही हवा वर चढली ती अशी.

रात्री वारा पडतो, पण वर वाढतो

संध्याकाळ झाली की वारा पडतो, हा आपला नेहमीचा अनुभव. तो जमिनीजवळ खरा आहे. पण त्याच वेळी दोन-तीनशे मीटर उंचीवर पुष्कळदा उलटे घडते.

दिवसा तापलेल्या जमिनीवरील हवा सतत वर-खाली घुसळत असते. या घुसळणीमुळे जमिनीचे घर्षण वरपर्यंत पोहोचते आणि वरच्या वाऱ्यालाही लगाम बसतो. सूर्यास्तानंतर जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि खाली गार, वर उबदार असे थर लागतात. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. गार जड हवा तळाला स्वस्थ बसली की घुसळण थांबते. वरचा थर जमिनीपासून जणू सुटा होतो. त्याचा लगाम गेला, पण हवेच्या दाबातील फरक त्याला ढकलतोच आहे. म्हणून तो वेग घेतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो आपल्या गोलार्धात हळूहळू उजवीकडे वळतही जातो. आल्फ्रेड ब्लॅकेडर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हे स्पष्टीकरण मांडले. अशा वाऱ्याला रात्रीचा झोतवारा म्हणता येईल.

या वळणाचा एक फेरा पुरा व्हायला लागणारा काळ अक्षांशावर अवलंबून असतो. ३० अंश अक्षांशावर तो २४ तासांचा, तर बोईसरच्या सुमारे २० अंशांवर ३५ तासांचा येतो. म्हणजे आपल्याकडे एका रात्रीत अर्धा फेराही होत नाही. झोतवारा तयार झालाच, तर तो पहाटेपर्यंत वाढत राहू शकतो.

अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांत याचा ठसठशीत नमुना पाहायला मिळतो. मेक्सिकोच्या आखातावरील दमट हवा रात्री झोतवाऱ्याबरोबर उत्तरेकडे धावते. पुढे वारा मंद होतो तिथे हवेची दाटी होते, किंवा ती गार हवेच्या थरावर चढते. म्हणून तिथे उन्हाळ्यातील पावसाचा मोठा वाटा रात्री पडतो. या रात्रीच्या वादळांचाच अभ्यास करण्यासाठी २०१५ च्या जून-जुलैमध्ये कॅन्सस आणि आसपासच्या राज्यांत विमाने, रडार आणि फुगे घेऊन मोठी मोहीम झाली होती. आपल्या देशात मेघालयाचे उदाहरण आहे. बांगलादेशाच्या सपाट भूमीवरून येणारा नैर्ऋत्येचा वारा रात्री जोर धरतो आणि मेघालयाच्या कड्यावर चढतो. चेरापुंजीचा पाऊस रात्री आणि पहाटे अधिक असतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. महाराष्ट्रातही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी सह्याद्रीपलीकडच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशातील रात्रीच्या झोतवाऱ्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

कोकणात काय घडते

हे सारे जसेच्या तसे सरावलीला लावले तर मात्र चूक होईल. पावसाळ्यात इथली जमीन ओली असते, आकाश ढगांनी झाकलेले असते आणि जमीन रात्री फारशी निवत नाही. शिवाय कोकणावर एक वेगळा झोतवारा रात्रंदिवस वाहत असतो. भारतीय हवामान खात्यातील पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की जुलैमध्ये दक्षिण भारतावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जोरदार झोत असतो. पुढे १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून अरबी समुद्रावरून येणारा त्याचा सगळा मार्ग मांडला. हा मोसमी झोत समुद्रावरील बाष्प आणून आपल्या दारात ओततो. त्याला रात्रीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणजे कोकणात बाष्प मोसमी झोत पुरवतो. रात्री बदलतो तो खालचा थर आणि उचल मिळण्याची जागा. इथे तीन गोष्टी एकत्र काम करतात.

एक, किनारा. समुद्राच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून येणारा वारा जमिनीवर येताच मंदावतो. वर हिशेब केलेली दाटी इथेच होते, दिवसा आणि रात्रीही.

दोन, सह्याद्री. सरावलीपासून समुद्र आठ-दहा किलोमीटरवर आहे. पूर्वेला जव्हारचे सुमारे ४५० मीटर उंचीचे पठार सरळ रेषेत ५० किलोमीटरवर, तर त्र्यंबकजवळचा घाटमाथा सुमारे ८० किलोमीटरवर. वाऱ्याला या भिंतीची चाहूल ती गाठण्याच्या पुष्कळ आधी लागते. भिंतीपुढे दाब किंचित वाढतो आणि येणारी हवा अलीकडेच मंदावून वर चढू लागते. १९७९ च्या मॉनेक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेत अरबी समुद्रावरून विमाने उडवून केलेल्या निरीक्षणांचा आधार घेऊन ग्रॉसमन आणि डुरान यांनी १९८४ मध्ये असे मांडले, की किनाऱ्यापासून दूर समुद्रावर उभ्या राहणाऱ्या ढगांमागेही सह्याद्रीचा हात असतो.

तीन, रात्र. पाऊस थोडा उघडला, वारा मंदावला, की जमिनीवरील हवा गार होऊन उतारावरून, नद्यांच्या खोऱ्यांतून समुद्राकडे सरकते. पावसाने गार झालेली हवाही तिच्यात मिसळते. ही पातळ, गार पाचर किनाऱ्याशी मोसमी वाऱ्याच्या वाटेत पडून राहते. कधी ती वाऱ्याला उलट फिरवते. पुष्कळदा ती त्याला फक्त मंद करते, पण आपण पाहिले की सेकंदाला दोन मीटरचा फरकही पुरेसा आहे. त्याच वेळी समुद्र उबदारच असतो आणि ढगांचे माथे रात्री अवकाशात उष्णता टाकून थंड होतात. खाली उबदार, वर थंड म्हटले की ढग वाढायला आणखी मोकळीक मिळाली. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यालगतच्या समुद्रांवर रात्री ते सकाळ या काळात पाऊस वाढतो, हे पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांनी जगभर दाखवून दिले आहे.

मोसमी वारा फार जोरात असतो तेव्हा तो पाचरीला जुमानत नाही. सरळ आत घुसतो, आणि पाऊस किनाऱ्यावर व घाटाच्या चढावर दिवस-रात्र पडत राहतो. वारा दुबळा झाला की पावसाचा पट्टा समुद्राकडे सरकतो आणि मतलई वाऱ्याला संधी मिळते. २०१६ च्या पावसाळ्यात ब्रिटन आणि भारत यांच्या शास्त्रज्ञांनी 'इनकंपास' या प्रकल्पात विमानांतून मोसमी हवेची मोजमापे घेतली. पश्चिम किनाऱ्यावरील पावसाची ही दोन रूपे त्यानंतरच्या अभ्यासांत अधिक स्पष्ट झाली.

शेवटी, एकदा वादळ उभे राहिले की ते आपला वारसही तयार करते. पावसाबरोबर थंड हवा जोरात खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पाऊस येण्याआधी अंगाला लागणारा गार झोत तो हाच. तो पुढच्या दमट हवेखाली शिरून तिला उचलतो आणि शेजारी नवा ढग उभा राहतो. रात्रीचे वादळ तास-दीड तासात संपायच्या ऐवजी पहाटेपर्यंत चालते, त्याचे हे एक कारण आहे.

शांत रात्रीचा धोका

हे समजून घेण्याला एक गंभीर बाजू आहे. १७ जुलै २०२१ च्या रात्री मुंबईवर गडगडाटी ढग उभे राहिले. त्यांचे माथे सुमारे १८ किलोमीटर उंचीवर पोहोचल्याचे हवामान खात्याने सांगितले. १८ जुलैच्या सकाळपर्यंत सांताक्रूझला २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता, आणि त्यातला बराचसा मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत. चेंबूर आणि विक्रोळीत दरडी आणि भिंती घरांवर कोसळून माणसे झोपेतच दगावली. त्याआधी २०१९ मध्ये, २ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत, सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या रात्रीही मालाडला भिंत कोसळून मोठी जीवितहानी झाली.

सारे मोठे पाऊस रात्रीचेच असतात असे मात्र नाही. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी पडला. आणि कोणत्याही मोठ्या पावसामागे एकच कारण नसते. किनाऱ्याला समांतर असणारा कमी दाबाचा पट्टा, समुद्रावरील भोवरे, वरच्या थरातील वारे या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. रात्रीचा खालचा वारा हा पुष्कळदा शेवटचा धक्का देणारा असतो.

पण रात्रीचा पाऊस अधिक घातक ठरतो, तो माणसे झोपलेली असतात म्हणून. दुपारी आकाश काळवंडताना दिसते, घुसमटते, माणूस सावध होतो. रात्री जमिनीजवळची हवा गार आणि शांत असते. ज्या दमट हवेवर वादळ पोसले जात आहे, ती आपल्या डोक्यावरून चाललेली असते किंवा अजून समुद्रावर असते. म्हणून "हवा पडली आहे, गारवा आहे, आता काही येत नाही" हा अंदाज रात्री फसू शकतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण ऑगस्टपासून होड्या पुन्हा समुद्रात जातात. त्या होड्यांवर काही मुलांचे वडील आणि भाऊ असतात. कुलाबा आणि वेरावली येथील रडार समुद्रावरील ढग दाखवतात. विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन पुण्याच्या संस्थेने तयार केले आहे. झोपण्यापूर्वी एकदा हवामान खात्याची सूचना पाहण्याची सवय शाळेतून घरी पोहोचली, तर पाठाचे चीज होईल.

वर्गात करून पाहण्यासाठी

*पाचर पाहणे.* काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची लांबट पेटी घ्या. मध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला जाड पुठ्ठा घट्ट उभा धरा. एका बाजूला साधे कोमट पाणी, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीपर्यंत गार पाणी भरा. गार पाण्यात निळी शाई आणि दोन चमचे मीठ घाला. (मिठामुळे पाण्याचा जडपणा वाढतो आणि परिणाम ठळक दिसतो.) आता पुठ्ठा अलगद वर काढा. निळे पाणी तळाने पुढे सरकते आणि साधे पाणी त्याच्या वरून मागे येते. निळ्या पाण्याच्या पुढच्या टोकाशी नाकासारखा फुगवटा दिसतो. मुलांना विचारा: निळे पाणी म्हणजे कोणता वारा? ढग कुठे धरेल?

*दिवसाचा पाऊस, रात्रीचा पाऊस.* वर्तमानपत्रात येणारा पाऊस हा सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा २४ तासांचा असतो. ग्रिनिचला तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि जगभर त्या ठरलेल्या वेळी नोंदी होतात. त्या आकड्यावरून पाऊस दिवसा पडला की रात्री, हे कळत नाही. ते शाळा शोधू शकते. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेऊन वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळाचा उंचसखल भाग भरून येईल इतके पाणी घालून तिथे शून्याची खूण करा आणि बाहेरून पट्टी चिकटवा. शाळेजवळ राहणारी दोन मुले रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला नोंद घेऊन, बाटलीतले पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणून ठेवतील. सोबत काठीला बांधलेल्या रिबिनीवरून वाऱ्याची दिशा लिहितील. सप्टेंबरअखेर दोन्ही बेरजा करा. वारा पूर्वेकडून होता किंवा पडलेला होता, अशा सकाळींच्या आधीच्या रात्री वेगळ्या काढून पाहा. बोईसर, जव्हार आणि डहाणू येथील तीन शाळांनी हे एकाच वर्षी केले, तर किनारा आणि घाट यांतील फरकही दिसेल.

बैठकीनंतर बाईंनी फळ्यावरील आकृती पुसली नाही. तिच्या शेजारी दुसरी काढली. डावीकडे समुद्र आणि त्यावरून येणारा लांब बाण, उजवीकडे जमीन, तिच्यावरून उलट येणारा छोटा, जमिनीलगतचा बाण. दोन बाण भेटतात तिथे एक बाण वर, आणि त्याच्या टोकाशी ढग. सूर्याच्या जागी त्यांनी चंद्रकोर काढली. त्या मुलीला द्यायचे उत्तर आता एका वाक्यात मावते: दिवसा जमीन तापवून सूर्य हवेला वर पाठवतो, आणि रात्री समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला जमिनीकडचा गार वारा आडवा आला की तो तिला उचलतो.